मिलच्या टीमला मॅनेजर हवा होता

मी कोष्ट्याच्या घरातला. वडील घरी हातमागावर लुगडी विणायचे आणि मीही तेच करणार, असं सगळे धरून चालले होते. पण मला फुटबॉल चांगला येत होता, आणि त्या काळी नागपुरातल्या कापड मिल चांगले खेळाडू शोधून शोधून नोकरीला लावायच्या. मला मिलने घेतलं ते खेळण्यासाठी. कागदोपत्री मी टाइमकीपरचा मदतनीस होतो. पण दिवसपाळीचे बाकीचे लोक अजून मशीनवर उभे असायचे तेव्हा आम्ही टीमवाले खात्यातून सुटायचो आणि मिलमागच्या मैदानावर जायचो. बूट मिलचे, कपडे मिलचे, जबलपूर-भोपाळच्या स्पर्धांना जायचं तर रेल्वेचं तिकीट मिलचं. खेळायचे पैसे मिळणारे लोक आम्ही. पाचपावलीत आमच्या गल्लीतून मी बूट खांद्यावर टाकून निघालो की बायका दारात येऊन पाहायच्या.

पण मिलने एकाच वयाची पोरं एकदम घेतली होती, ती सगळी एकदमच म्हातारी होत गेली. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या टीममध्ये तिशीच्या आतला एकही नव्हता. कामठीची शाळकरी वाटणारी पोरं येऊन आम्हाला हरवून जायची. उजवा फुलबॅक हाफटाइमला बसला की त्याला खोकल्याची उबळ यायची आणि तो तोंडावर टॉवेल धरून पाठ फिरवून बसायचा. टीममध्ये यायच्या आधी तो कार्डिंग खात्यात होता. तिथं कापूस पिंजला जातो आणि हवेत दिवसभर तूस उडत असतं. तेच त्याच्या छातीत बसलं होतं. टीममध्ये होता म्हणून त्याला हलकं काम मिळालं होतं.

अशात आमचा जुना मॅनेजर, सूत कातायच्या रिंगफ्रेम खात्याचा फोरमन, निवृत्त झाला आणि रामटेककडे आपल्या धानाच्या शेतीवर निघून गेला. मिलच्या वरच्या लोकांनी ठरवलं की टीम नव्याने उभी करायची, नाहीतर बंद करायची. त्यासाठी नवा मॅनेजर निवडायचा. निवडणार तिघं: सूतकताईचे प्रमुख स्पिनिंग मास्टर, कारण खेळाचं खातं त्यांच्याकडे होतं; युनियनचा एक माणूस; आणि खेळाडूंतर्फे मी, कारण मी कॅप्टन होतो.

मी स्पिनिंग मास्टरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की मला या कामातून वगळा. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अर्ज करणाऱ्यांत माझा साळा आहे.

ते मुंबईकडून आलेले, हुशार आणि घाईतले गृहस्थ होते. फायलीवरून मान वर न करता म्हणाले, "तुमच्या टीममध्ये कोण कोणाचा नातेवाईक नाही? तुम्हाला वगळलं तर मी आणि युनियन असे दोघंच उरतो. आमचं एकमत कधी झालंय? तुम्ही बसाल."

माझा साळा म्हणजे आमचा गोलकीपर. साळा नंतर, आधी तो माझा मित्र. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच आठवड्यात मिलमध्ये लागलो, आणि त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालं ते त्यानेच जमवलं. त्याचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. माझं आत, जिथं गल्ली संपते तिथं. पलीकडे भिंत. म्हणजे मिलमधून घरी यायचं तर त्याच्या दारावरूनच यायचं, दुसरी वाट नव्हती. आजवर मला ते कधी जाणवलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात जाणवू लागलं. माझी सासू दारात बाजेवर बसलेली असायची. मी सायकलवरून उतरलो की ती म्हणायची, "झालं का जी बापू आमच्या पोराचं?" मी म्हणायचो, अजून बैठक व्हायची आहे.

घरी बायकोने एकदाही स्पष्ट विचारलं नाही. तिला विचारायची गरजच वाटत नव्हती. भाऊ मॅनेजर होणार, नवरा निवडणार, यात विचारण्यासारखं काय होतं? एकदा भाकरी थापता थापता ती सहज बोलली की दादाला मॅनेजर केलं की त्याला ऑफिसात टेबल मिळेल, मग त्याच्या पोरीच्या सोयरिकीला बरं पडेल. मी पानावरून मान वर केली नाही.

कारण मला ठाऊक होतं की त्याला करून चालणार नाही.

तो टीममधला सगळ्यांत लाडका माणूस होता. कोणाचं पोरगं आजारी, कोणाच्या घरी भांडण, हा पहिला हजर. पण त्याला कोणालाही नाही म्हणता येत नसे. एकदा जबलपूरला मी तापाने पडलो होतो आणि तो माझ्या जागी कॅप्टन होता. आमच्या एका फॉरवर्डचा गुडघा सुजला होता. त्याने रडून रडून सांगितलं की मला बसवू नका, माझे सासरचे लोक पाहायला आलेत. साळ्याने त्याला खेळवलं. तो पोरगा नंतर पुन्हा कधी धावला नाही. साळा महिनाभर त्याच्या घरी डबा नेत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. पण आता जे करायचं होतं ते माणसं कमी करण्याचं काम होतं.

दुसरा उमेदवार कामठीचा एक निवृत्त सुभेदार. पलटणीच्या टीमला त्याने शिकवलं होतं. तिसऱ्या एकाने अर्ज केला आणि मागे घेतला, म्हणून राहिले हे दोघं.

मुलाखती मिलच्या कँटीनमागच्या खोलीत झाल्या. मे महिना होता. खोलीला एकच खिडकी, तिच्यात खसचा कूलर बसवलेला. त्याचा आवाज एवढा की प्रत्येकाला मोठ्याने बोलावं लागे, आणि बंद केला तर बसवत नसे. साळा धुवट शर्ट घालून आला. आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि मला हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. स्पिनिंग मास्टरांनी विचारलं की टीम नव्याने उभी करायची तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल.

तो म्हणाला, "साहेब, नवीन पोरं घेऊ. पण जुन्यायले सांभाळून घेऊ. कोणाच्या पोटावर पाय नाही देणार मी."

युनियनचा माणूस खुश झाला. त्याने टेबलावर हलकेच हात आपटला. मी काही विचारलं नाही. मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तरी मी काही विचारलं नाही.

सुभेदार दुसऱ्या दिवशी आला. उंच, पिकल्या मिशीचा, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारा. त्याला तोच प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला की मी तुमची टीम पाहून आलोय. कोणालाही न सांगता तो सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली येऊन बसला होता. तो म्हणाला, निम्म्याच्या वर लोक जातील. आज ना उद्या जायचेच आहेत, मी आज पाठवीन.

युनियनचा माणूस चिडून म्हणाला, "पहिले कोण जाणार, ते तरी सांगा."

सुभेदाराने माझ्याकडे पाहिलं. "ये साहब. सेंटर हाफ. पाय अजून चांगले आहेत, पण वळायला वेळ लागते त्यायले. बुरा मत मानना."

मला राग यायला हवा होता. पण गेल्या दोन हंगामांत मला हे रोज कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. परक्या माणसाने ते एवढ्या साधेपणाने सांगितलं, आणि मला एकदम दम लागून बसल्यावर पाणी मिळावं तसं झालं.

मत द्यायच्या आदल्या दिवशी मी साळ्याला सकाळीच फुटाळा तलावावर घेऊन गेलो. लहानपणी आम्ही तिथं म्हशींच्या शेपट्या धरून पोहायला शिकलो होतो. तलावाचं पाणी उन्हाळ्याने खाली गेलं होतं. त्याला वाटलं की मी आनंदाची बातमी सांगायला आणलं. मी बांधावर बसून सांगून टाकलं की उद्या मी सुभेदाराच्या नावाने बोलणार आहे. का, तेही सांगितलं. त्या फॉरवर्डच्या गुडघ्याची गोष्टही काढली. मागून कोणाच्या तोंडून त्याच्या कानावर जावं, असं मला नको होतं.

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाला, "सुभेदार तर तुलेच काढून राहिला म्हणते सगळे."

मी हो म्हणालो.

"आपल्या मानेवर आपणच सुरी फिरवून राहिला तू. मले समजत नाही गा तुहं."

मी म्हणालो की मलाही फार समजत नाही, पण टीम राहायची असेल तर दुसरा रस्ता दिसत नाही. तो उठला, चड्डी झटकली, आणि आम्ही दोघं सायकली घेऊन परत आलो. वाटेत धरमपेठेत एका ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. पैसे त्यानेच दिले. मला वाटलं, झालं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मास्टर सुभेदाराच्या बाजूने, युनियन साळ्याच्या, आणि मी सुभेदाराच्या. त्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा युनियनच्या माणसाने माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. घरी मी बायकोला स्वतःच सांगितलं. ती धान्य निवडत होती, निवडतच राहिली. मग एवढंच म्हणाली, "दादाले तुम्ही आधी सांगतलं होतं?" मी हो म्हणालो. "मंग ठीक आहे," ती म्हणाली, पण ते ठीक नव्हतं. सासूने दारातली बाज आत नेली. मी येता-जाताना ते दार आता बंद असे, इतकाच फरक. साळा मात्र मिलमध्ये बोलत होता, सरावाला हसत होता. तो खरंच मोठ्या मनाचा होता.

हे सगळं इथंच थांबलं असतं तर चाललं असतं. पण सुभेदार आलाच नाही.

ठरलेल्या दिवसाच्या आधी तो मिलच्या गेटवर येऊन उभा राहिला आणि त्याने मला बोलावणं पाठवलं. त्याला उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत पहारेकऱ्यांचा प्रमुख म्हणून जागा मिळाली होती. तिथं राहायला क्वार्टर होतं, आणि त्याची बायको आजारी होती, घर हवं होतं. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. मी त्याला काय म्हणणार? मी म्हटलं, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. जाताना तो म्हणाला, "आप ही कर लो. तुमाले टीम समजते."

ते बोलणं मी हसण्यावारी नेलं. दुपारी मास्टरांनी बोलावलं तेव्हा कळलं की त्यांनीही हाच विचार केलेला आहे. ते म्हणाले, वर कळवून झालंय, मॅनेजर तुम्ही. मी साफ नाही म्हणालो. मी म्हणालो, साळ्याला करा, आता दुसरं कोण आहे? ते म्हणाले, त्यांना करायचं तर टीम बंदच केलेली बरी, वरून तसंच सांगितलंय.

मग त्यांनी फाइल बाजूला केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून बोलले. "तुम्ही नाही म्हणालात तर सोमवारपासून टीम नाही. सगळे खात्यात परत. तुमचा तो खोकणारा फुलबॅकसुद्धा कार्डिंगमध्ये परत. हो म्हणालात तर निदान निम्मे तरी राहतील. विचार करायला उद्यापर्यंत वेळ घ्या."

उद्यापर्यंत विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी त्यांच्या दारात उभा राहूनच हो म्हणालो. खोलीबाहेर आलो तर रिंगफ्रेमच्या मशीनचा तो सततचा आवाज, ज्याची मला इतक्या वर्षांची सवय होती, तो मला एकदम सहन होईना.

बातमी माझ्याआधी गल्लीत पोचली. मिलमध्ये युनियनच्या माणसाने तिला तिखटमीठ लावलं. तो सांगत सुटला की सगळं आधीपासून ठरलेलं होतं. सुभेदार नुसता पुढे केलेला माणूस. ह्याला खेळाडू म्हणून काढणारच होते, म्हणून ह्याने खुर्ची धरली, आणि त्यासाठी सख्ख्या साळ्याला आडवं केलं. ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखंच होतं. मी स्वतः परका असतो तर मलाही पटलं असतं. सुभेदाराने मला काढायचं म्हटलं होतं, ही एकच गोष्ट माझ्या बाजूची होती, आणि तीच आता माझ्यावर उलटली.

मी सरळ साळ्याच्या दारात गेलो. दार त्यानेच उघडलं. मी बोलायला सुरुवात करणार तोच तो म्हणाला, "या जवाईबुवा. बसा. पाणी घेता का?"

आयुष्यात त्याने मला कधी जवाईबुवा म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलं नव्हतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं की हे असं असं झालं, मला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही फुटाळ्याले नेऊन सांगतलं ना मले," तो म्हणाला. "तवाच समजाले पाहिजे होतं. कोणी उगंच कोणाले पोहे खाऊ घालायले नेत नाही."

पोहे त्यानेच खाऊ घातले होते. पण ते त्या वेळी बोलण्यात काही अर्थ नव्हता. आतून सासूने पाणी पाठवलं, पाहुण्याला देतात तसं तांब्या-फुलपात्रात. ते पिऊन मी आत, गल्लीच्या शेवटाला, माझ्या घरी गेलो.

मग काढायचं काम आलं. पहिलं नाव मी माझं घेतलं. त्याला कोणी दाद दिली नाही, कारण मॅनेजर खेळत नसतोच. मग एकेकाला बोलावून सांगितलं. काही जण हसून गेले, काहींनी मला आईवरून शिव्या दिल्या. एकाने बूट काढून माझ्यासमोर ठेवले आणि अनवाणी चालत गेला. मे संपत आला होता, मैदानाची काळी माती भेगाळून तव्यासारखी तापलेली. तो पाय न उचलता, मुद्दाम सावकाश चालत गेला आणि मी पाहत उभा राहिलो.

साळ्यालाही काढावं लागलं. गोलमध्ये तो उडी मारायचा तेव्हा चेंडू आधी आत जायचा आणि तो मागून पडायचा, हे गेली दोन वर्षं सगळे पाहत होते. त्याला मी सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली आणि हातमोजे परत केले.

मास्टरांकडून मी भांडून एकच गोष्ट मिळवली होती. मैदानाची राखण करायला, पाणी मारायला, चुन्याच्या रेघा आखायला एक माणूस कायमचा द्यायचा. काम हलकं, उघड्या हवेतलं. एक जागा आणि गरजू दोघं. फुलबॅकलाही मी काढलं होतं; त्याने काही मागितलं नव्हतं, तो फक्त खोकत होता. साळ्यासाठी माझी बायको बोलली. लग्नानंतर तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"एवढं तरी करा माह्या भावासाठी," ती म्हणाली. "रिंगफ्रेममध्ये रातपाळी करंल का तो या वयात?"

मी तिला फुलबॅकच्या टॉवेलबद्दल सांगितलं. त्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे तेही सांगितलं. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मले काहून सांगतलं हे? नसतं सांगतलं तर मले भांडता तरी आलं असतं."

जागा फुलबॅकला दिली. साळा रिंगफ्रेमवर गेला.

त्या पावसाळ्यात आम्ही नवीन पोरं घेतली. कामठीची, मोमीनपुऱ्याची, दोन-तीन आमच्याच पाचपावलीची. ती चपळ होती, पण एकमेकांचं ऐकत नव्हती, आणि आम्ही सुरुवातीला सपाटून हरलो. मास्टर दर आठवड्याला बोलावून विचारायचे की सुधारणा कधी दिसणार. युनियनचा माणूस मैदानाच्या तारेपलीकडे उभा राहून हसायचा. घरी बायको माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. दिवाळीत भाऊबीजेला ती भावाच्या दारी ओवाळायला गेली. मला कोणी बोलावलं नाही. मी घरात बसून राहिलो आणि गल्लीच्या तोंडाशी फटाके वाजलेले ऐकत होतो.

नवा गोलकीपर कामठीचा, हाताने चांगला, पण उंचावरून आलेला कॉर्नर त्याला समजत नसे. पुढे यावं की थांबावं, यात त्याचा वेळ जायचा. ते शिकवणं मला येत नव्हतं. कोणाला येतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण विचारायला तोंड नव्हतं.

एके दिवशी सरावाच्या वेळी पाहतो तर गोलच्या मागे, जाळीपलीकडे साळा उभा. रातपाळी करून, घरी जाऊन झोपून तो आला होता. मी दुसऱ्या टोकाला होतो. तो जाळीला तोंड लावून त्या पोराला काहीतरी सांगत होता. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही तो आला. मग रोजच येऊ लागला. माझ्याशी एक शब्द नाही. त्याला काही सुचवायचं असलं तर तो गोलकीपरच्या हाती निरोप द्यायचा, आणि ते पोरगं अख्खं मैदान धावत येऊन मला सांगायचं की ते म्हणून राहिले, डाव्या बाजूने कॉर्नर जास्त मारायले लावा. मी म्हणायचो, सांग त्यांना, लावतो. असा तो हंगाम गेला. पुढचाही बराचसा गेला. टीम हळूहळू उभी राहत होती. फार मोठी झाली असं नाही, पण आम्हाला हरवायला आता कामठीवाल्यांना घाम गाळावा लागे.

मी मात्र दमलो होतो. दर उन्हाळ्यात पुन्हा कोणाला तरी काढायचं असे. ते आपल्याच गल्लीतले, आपल्याच जातीतले, कोणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसलेले. शेवटी मी मास्टरांकडे गेलो आणि म्हणालो, मला मोकळं करा, टाइमकीपरकडे परत पाठवा. ते म्हणाले, आनंदाने, तुमच्या जागी माणूस आणून द्या. आता टीम उभी आहे, तेव्हा तुमचे मेहुणे असले तरी माझी हरकत नाही.

मी त्याच दिवशी साळ्याकडे गेलो. तो दारात सायकलचं पंक्चर काढत होता. मी सगळं सांगितलं. आता तुझं नाव मी देतो, मास्टर तयार आहेत, हो म्हण, एवढं म्हणालो.

त्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथं बोट ठेवलं. "मले नाही पाहिजे," तो म्हणाला.

मी विचारलं, का.

"दोन सालापासून गोलमागं उभा राहून तुलेच पाहून राहिलो मी. ज्या दिवशी तू कोणाले काढतं त्या दिवशी जेवत नाही. माही बहीण सांगते मले. मी असतो तर काढलंच नसतं कोणाले. बरोबर बोलला होता तू फुटाळ्यावर."

मी म्हणालो, मग हे आधी का नाही सांगितलं? दोन वर्षं मी कसा राहिलोय या गल्लीत?

"तवा मले मॅनेजर व्हायचं होतं गा," तो म्हणाला. त्याने पॅच लावला, त्यावर अंगठा दाबून धरला आणि तसाच बोलत राहिला. "आता नाही वाटत. आता मी पोरायले फक्त चेंडू पकडायले शिकवतो, मंग घरी येतो. तुह्या कामात मले नको ओढू. तुले सुटका नाही. मी आल्यावर तर टीम दोन महिन्यात बुडंल, आणि तेही पाप तुह्याच डोक्यावर."

मला राग आला होता, आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. सासू आतून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. चहा पिऊन मी निघालो. मास्टरांना सांगितलं की माणूस मिळाला नाही. ते म्हणाले, मला वाटलंच होतं.

पुढच्या आठवड्यात नवीन पोरांची चाचणी होती. त्यांत एक डाव्या पायाचा पोरगा होता, बापाचा माग बंद पडलेला, नोकरीच्या आशेने आलेला. गोलमागून साळा या वेळी स्वतः चालत माझ्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, याले ठेव. मी त्या पोराचा खेळ पुन्हा नीट पाहिला. पाय चांगला होता, पण दमसास नव्हता. मी नाही ठेवला. साळा निघून गेला.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तो माझ्या ओसरीवर बसलेला होता. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच आला होता. बायकोने दोन पानं वाढली, तेव्हा हात धुऊन माझ्या शेजारी बसला आणि वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणून तिच्यावर कुरकुरला. तिने उठून मिरचीचा ठेचा आणला. आम्ही जेवलो.